लवूची डबी आणि रखमाची पालखी

लवू मांडवकराला एखादी वस्तू आणायला पाठवणं म्हणजे ती वस्तू घरी येणार नाही याची पक्की सोय करणं. एकदा तो छत्री घ्यायला दादरला गेला. एकीची काडी वाकडी, दुसरीचं कापड विरळ, तिसरीचं बटण हाताला खरखरीत. असं करता करता पावसाळा संपला आणि लवू कोरडा घरी आला. वर म्हणाला, "बरं झालं घेतली नाही. फुकट पडून राहिली असती."

आता यात त्याचा तरी काय दोष म्हणा! उमेदीची सगळी वर्षं त्याने लोअर परळच्या एका गिरणीत कापड तपासण्यात घालवली. समोरून तागा सरकायचा आणि लवू त्यातली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग शोधून काढायचा. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचं ऑफिस आलं, पण लवूचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट अजून कामावर आहेत. समोर येईल ते तो चिमटीत धरून चोळून बघतो. भाकरी चोळतो, लग्नाची पत्रिका चोळतो. एकदा डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाची बाही चोळून म्हणाला, "पॉलिस्टर आहे. घाम येत असेल."

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर लवू आणि त्याची बायको रखमा राहतात. खोली एकच. मुलगा राजेश आणि सून दर्शना तिकडे ठाण्याला. मजल्यावर शेजार कसला म्हणाल तर सोन्यासारखा. डाव्या हाताला शामराव आणि सुंदराबाई. शामराव लवूच्याच गिरणीतला, रंगखात्यातला. दोघांनी एका डब्यातून जेवण केलंय आणि एका गोष्टीवर कधी एकमत केलेलं नाही. गॅलरीच्या टोकाला कांता. ती पापड लाटते आणि सिरियल बघते, आणि दोन्हीपैकी एकही काम दुसऱ्यासाठी थांबवत नाही. या तिन्ही घरांत मिळून वायफाय एकच. त्याचा डबा शामरावच्या दारावर टांगलेला असतो. पूर्वी नळ सामाईक होता, आता हा. नळावर भांडणं व्हायची, यावर अजून व्हायची होती.

तर यंदा संक्रांतीनंतर रखमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा बसला, छान बसला, पण डॉक्टरने प्रवासाला साफ नाही म्हटलं. आणि शिमगा आला तोंडावर.

मांडवकरांचं गाव राजापूर तालुक्यात. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघरी जाते. ज्याच्या अंगणात येईल त्याने आरती करायची, घरच्या बाईने देवीची ओटी भरायची, गावकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, की पालखी चालली पुढच्या घरी. लग्न होऊन आल्यापासून रखमाने एकदाही ही ओटी चुकवली नव्हती. राजेश पोटात होता तेव्हासुद्धा एसटीत उलट्या करत गेली, पण गेली. यंदा राजेश आणि दर्शना जाऊन घर उघडणार होते, ओटी दर्शना भरणार होती आणि राजेश मोबाईलवरून सगळं लाईव्ह दाखवणार होता.

"मोबाईलवर दाखवून काय उपयोग?" रखमा म्हणाली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. "त्यात देवी मुंगीएवढी दिसते. मला मोठी बघायचीय. टीव्हीवर येईल का हो?"

एवढंच मागितलं तिने. महिनाभर एका खोलीत, एका खुर्चीत बसून होती बिचारी, आणि दुसरं काही मागितलं नव्हतं. छातीवर हात मारून लवू म्हणाला, "येईल म्हणजे काय! आणतो की!"

आणि इथेच सगळा घोळ सुरू झाला.

टीव्ही होता मोठा, पण जुन्या वळणाचा. मोबाईलवरचं त्याच्यावर आपोआप यायचं नाही. राजेश फोनवर म्हणाला, "बाबा, त्याला मागून लावायचं एक यंत्र मिळतं. मी ऑर्डर करतो, उद्या घरी येईल."

"न बघता?" लवू ओरडला. "हात न लावता? अरे, बटाटे घेतोयस की टीव्हीचं यंत्र? मी जातो. मी बघतो."

राजेशने फोन ठेवताना सोडलेला सुस्कारा लवूला ऐकू गेला नाही. रखमाला गेला.

लॅमिंग्टन रोडला हितेंद्र नावाच्या माणसाचं दुकान. माणूस सज्जन, पण त्या दिवशी त्याचे ग्रह फिरलेले असणार. त्याने लवूपुढे तीन प्रकार मांडले. एक वायर, मोबाईलपासून टीव्हीपर्यंत. एक काडी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची. आणि एक डबी, सुपारीच्या डबीएवढी, काळी, गुळगुळीत.

लवूने काडी उचलली आणि चिमटीत धरून चोळली.

"ही तापते का?"

"थोडी तापते, काका."

"मग आटते का?"

हितेंद्रने बरीच वर्षं दुकान चालवलं होतं, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "काका, ती धुवायची नसते," तो म्हणाला.

"ते कळलं रे. पण एवढी इवलीशी काडी एवढा मोठा टीव्ही कसा ओढणार? आणि वायर काय कामाची? बायको खुर्चीत, टीव्ही तिकडे, मध्ये वायर. तिच्या नव्या गुडघ्यात अडकली तर?" मग त्याने डबी घेतली, उलटी केली, कानाशी हलवली, उजेडात धरली. "ही जरा भरल्यासारखी वाटते. उघडून दाखव."

"उघडत नाही, काका."

"आत काय आहे ते न बघता घ्यायची?"

"काका, टीव्ही घेतलात तेव्हा उघडून बघितला होता?"

"टीव्ही पोराने आणला. म्हणून तर ही वेळ आली."

त्या दिवशी लवू रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मग जातच राहिला. हितेंद्र त्याला आधी चहा पाजायला लागला, मग स्टूल द्यायला लागला, आणि पुढे तर जरा जेवून येईपर्यंत दुकानावर लक्ष ठेवायला सांगायला लागला. लवू तिथल्या गिऱ्हाइकांना काडी आणि डबीतला फरक समजावून सांगायचा. लोक ऐकायचे आणि डबी घेऊन जायचे. लवू सोडून सगळे घ्यायचे.

संध्याकाळी गॅलरीत त्याचं व्याख्यान. कांता पाट मांडून पापड लाटायची, शामराव कठड्याला टेकून उभा राहायचा.

"वायर बाद," लवू म्हणायचा. "काडी जरा किडकिडीत. डबी चांगली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. डबीच. पण..."

हे 'पण' ऐकायला कांता थांबलीच नाही. तिने मोबाईलवर बोट दाबलं आणि चार दिवसांत डबी घरात. मग सुंदराबाईंनी हट्ट धरला, शामरावकडेही तीच डबी आली. अगदी तीच. लवू दोन्ही घरी जाऊन ती चोळून आला, मागून पुढून बघून आला, चहा पिऊन आला, आणि रखमाला येऊन सांगितलं, "चांगली आहे, पण कोपऱ्यात जरा चरा वाटतो."

"चरा म्हणजे काय देवीला टोचणार आहे का?" रखमा म्हणाली. "होळी आली तोंडावर. आख्खा मजला तुमच्या सल्ल्याने टीव्ही बघतोय आणि मी भिंत बघतेय."

"अगो, घाईने घेतलं आणि फसलो तर?"

रखमा म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा किती वेळ लागला होता?"

लवू गडबडला. "तेव्हाचं काय आता?"

"सांगा ना. चहा पण संपला नव्हता तुमचा. मामांना म्हणालात, हो म्हणून सांगा. तेव्हा नाही उजेडात धरून बघितलंत?"

"तेव्हा..." लवू कपाळ खाजवत म्हणाला, "तेव्हा काय खोट दिसलीच नाही."

रखमा लाजली की काय ते तिचं तिलाच माहीत, पण तिने पदराने तोंड पुसलं. लवू उठला, चपला घातल्या, लॅमिंग्टन रोडला गेला आणि डबी घेऊन आला. उघडून न बघता! हितेंद्रला इतकं भरून आलं की त्याने लवूला स्टूलसुद्धा घरी न्यायला देऊ केलं. लवूने ते तपासून परत केलं. एक पाय आखूड होता.

गावाला निघण्याआधी राजेशने येऊन डबी लावून दिली. लावताना डबीने पडद्यावर विचारलं, टीव्ही कुठल्या खोलीत आहे? लिव्हिंग रूम, बेडरूम, किचन, का आणखी कुठे?

लवूने मान वर करून खोली बघितली. इकडे पलंग, तिकडे ओटा, मध्ये रखमाची खुर्ची, आणि मोरीचा पडदा चार पावलांवर. "सगळंच आहे की रे इथे," तो म्हणाला. "काय लिहायचं?"

"सध्या पहिलंच ठेवतो, लिव्हिंग रूम. पण बाबा, कांतामावशीने आणि शामरावकाकांनी पण तेच ठेवलंय. वायफाय एकच आहे. मोबाईलवर तिन्ही नावं सारखीच दिसणार. तुम्ही दुसरं काहीतरी नाव सांगा, मी बदलतो."

आता नाव सुचवायचं म्हणजे लवूचा विषय. 'मांडवकर' ठेवावं, तर गावातले सगळेच मांडवकर. 'रखमा' ठेवावं, तर बायकोचं नाव टीव्हीला कसं द्यायचं? 'देवी' ठेवावं, तर त्याच्यावर बातम्या कशा बघायच्या? राजेशची गाडी सुटायची वेळ झाली तरी लवू विचारच करत होता. शेवटी लिव्हिंग रूमच राहिलं. एका चाळीत, एका मजल्यावर, तीन दिवाणखाने आणि एकाही घरात दिवाणखाना नाही.

पालखीचा दिवस उजाडला. लवूने सकाळीच अंघोळ करून टीव्ही पुसला, त्याला झेंडूचं तोरण बांधलं, खाली रांगोळी काढली. रखमा हिरवी साडी नेसून खुर्चीत बसली, पाय स्टुलावर लांब. मांडीवर ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी तिकडे दर्शना भरणार होती, पण रखमा म्हणाली, "माझं ताट पण असू दे. रिकाम्या हाताने कशी बसू?"

लवूला वाटलं, अजून काहीतरी कमी आहे. त्याने गणपतीतली दिव्यांची माळ काढली आणि टीव्हीभोवती गुंडाळली. टीव्हीजवळच्या बोर्डावर जागा नव्हती. तिथे एक बारीकसा काळा प्लग दिसला. कसला कोण जाणे. चार्जर असेल. लवूने तो काढून खाली सोडला आणि तिथे माळ लावली. लाल, हिरवे, पिवळे दिवे लुकलुकायला लागले. लवू दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. एकही खोट सापडली नाही.

दुपारी राजेशचा फोन आला. "बाबा, लाईव्ह सुरू केलंय. पालखी खालच्या वाडीतून निघाली. आता येतेच आहे आपल्याकडे."

लवूने मोबाईल दोन्ही हातांनी धरला. राजेशने दाखवल्याप्रमाणे कोपऱ्यातली खूण दाबली. नावं आली. लिव्हिंग रूम. त्याखाली पुन्हा लिव्हिंग रूम. लवूने देवीचं नाव घेतलं आणि वरचं दाबलं.

टीव्ही काळाच. माळ मात्र मजेत लुकलुकत होती.

तेवढ्यात गॅलरीच्या टोकाकडून कांता पिठाच्या हातांनी धावत आली. "मामा! अहो मामा! तुमचा राजेश माझ्या सिरियलमध्ये आलाय!"

"काय बोलतेस?"

"देवाशप्पथ! तिकडे लग्न लागत होतं, अक्षता पडणार एवढ्यात ढोल वाजायला लागले आणि पालखी आली. मला वाटलं, नवरीच्या माहेरची आली असेल. म्हटलं वा, खर्च केलाय यंदा! मग कुणीतरी म्हणालं, आई, दिसतंय का? बघते तर राजेश. आणि लग्न गेलं की हो माझं!"

लवूने घाईघाईने दुसरं लिव्हिंग रूम दाबलं. टीव्ही काळाच. शेजारून मात्र शामरावचा असा काही आवाज आला की गॅलरीतली कबुतरं उडाली.

"लवू! अरे शेवटची ओव्हर होती रे!"

शामराव बनियनवरच दारात येऊन उभा राहिला. "बॉलर धावत आला, हात वर केला, आणि तुझ्या शिमग्यातलं ते संकासुराचं सोंग नाचायला लागलं! विकेट गेली का सिक्स गेला, काय कळायला मार्ग नाही. कुठे दाबतोस बाबा?"

"लिव्हिंग रूम दाबतोय!"

"ती माझी आहे!"

"मग माझी कुठे गेली?" लवू कळवळून म्हणाला. मोबाईलवर दोनच नावं होती. एक कांताचं, एक शामरावचं. तिसरं नावच नाही. त्याने मोबाईल झटकला, पुसला, डबीवर थाप मारली, टीव्हीला नमस्कार केला. घामाने चिंब झाला. मोबाईलवर पालखी मांडवकरांच्या बांधावरून अंगणात उतरताना दिसत होती. तळहाताएवढ्या काचेत अंगठ्याएवढी.

सुंदराबाईही आल्या होत्या. दारात सगळे उभे, आणि खुर्चीत रखमा ताट घट्ट धरून काळ्या टीव्हीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या हो. होतं असं. बघेन पुढच्या वर्षी."

लवूने तिच्याकडे बघितलं आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. एवढ्या चकरा, एवढी चोळाचोळी, आणि आख्ख्या मजल्याला डबी लावून दिली. फक्त हिला नाही. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"शामराव," तो म्हणाला, "माझी अक्कल कुठे गेली रे?"

"ती नंतर शोधू," शामराव म्हणाला. "पालखी आत्ता कुठे आहे?"

"तुझ्या टीव्हीवर."

"मग झालं तर. टीव्ही वहिनीकडे येत नाही तर वहिनीला टीव्हीकडे नेऊ. आमच्या घरात देवी-बिवी काय नसते, ते तुला माहीत आहे. पण रखमावहिनी आमच्या घरात कायमच आहे. धर खुर्ची!"

"अहो, नको, पडेन मी!" रखमा ओरडली, पण एका बाजूने लवूने, दुसऱ्या बाजूने शामरावने धरलं आणि कांताने मागून पिठाच्या हातांनी टेकू दिला. ऑपरेशनच्या पायाला वेगळा मानकरी हवा होता. तो मान सुंदराबाईंना मिळाला. पाय स्टुलासकट उचलून त्या पुढे उलट्या चालायला लागल्या. "सावकाश! उंबरठा! अहो, सावकाश!"

खुर्ची गॅलरीत आली आणि इथे एक गंमत झाली. शामरावच्या घरातून गावचा ढोल घुमत होता. लवूने जन्मभर शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवलेली. ढोल कानावर आणि वजन हातात, म्हटल्यावर पाय कुणाचं ऐकतात? लवूचे पाय ठेका धरायला लागले. दोन पावलं पुढे, एक मागे. खुर्ची डुलायला लागली.

"मेल्या, नाचतोस काय!" शामराव धापा टाकत ओरडला. "माझी कंबर!"

"अहो, माझा गुडघा!" रखमा किंचाळली. पण किंचाळता किंचाळता तिला हसू फुटलं. ताटातले तांदूळ उडाले, ते शामरावच्या टकलावर पडले. समोरच्या विंगेतली माणसं कठड्यावर आली. कुणीतरी शिट्टी मारली. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत, चपलांच्या ढिगावरून, डुलत डुलत रखमाची खुर्ची शामरावच्या दारात पोचली आणि आत जाऊन टेकली.

आणि समोर देवी! ही एवढी मोठी. मुखवट्यावरचं कुंकू दिसत होतं, नथ दिसत होती, मागे घराचं दार, दाराला बांधलेले आंब्याचे टहाळे, सगळं दिसत होतं. दर्शना वाकून ओटी भरत होती. रखमाने आपल्या ताटातला नारळ उचलून कपाळाला लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र हसत होतं.

गावकऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी म्हाराजा! आज तुझी लेकरां अंगणात उभी रवली हत. मुंबैच्या लवू मांडवकराची बायल रखमा, गुडघ्याचा आपरेशन झाला म्हणान येवक नाय. तिच्या गुडघ्याक बळ दी आणि पुढल्या शिमग्याक तिका तिच्याच पायान ह्या अंगणात घेवन ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावातली माणसं गरजली.

"व्हय म्हाराजा!" दारात जमलेला मजला गरजला. त्यात कांताचा आवाज सगळ्यांत मोठा. शामरावने मात्र रखमाचा पाय ठेवलेलं स्टूल जरा सरळ केलं आणि सुंदराबाईंना म्हणाला, "वहिनीला चहा टाक. आणि आल्यागेल्याला पण."

मग चहा झाला, पापड भाजले गेले. पालखी दुसऱ्या घरी गेली तरी रखमा उठायला तयार नव्हती. दोन महिन्यांत भेटल्या नव्हत्या तेवढ्या बायका तिला त्या एका दुपारी भेटल्या. शेवटच्या ओव्हरला काय झालं ते शामरावला दुसऱ्या विंगेतून ओरडून विचारावं लागलं. हरलो होतो. "बरं झालं, बघितलं नाही," तो म्हणाला.

उन्हं उतरल्यावर खुर्ची पुन्हा घरी आली, यावेळी न नाचता. सगळे गेले. लवू टीव्हीचं तोरण सरळ करायला वाकला आणि त्याला बोर्डाखाली लोंबणारा काळा प्लग दिसला. तो चिमटीत धरून त्याने वायरीचा माग काढला. वायर टीव्हीच्या मागे गेली आणि डबीत शिरली.

लवू मटकन खाली बसला. "रखमा," तो म्हणाला, "अगो, मीच काढला हा. माळ लावायला. जन्मभर दुसऱ्याच्या खोडी शोधल्या, आणि हे एवढं दिसलं नाही मला."

"मला दिसलं होतं," रखमा म्हणाली.

"कधी?"

"खुर्ची उचललीत तेव्हा. उंचावरून बरोबर दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

रखमा साडीच्या निऱ्या सारख्या करत म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही मला खाली ठेवलं असतं."

लवूने तो प्लग परत बोर्डाला लावला नाही. गुंडाळला, डबीवर ठेवला, आणि दारात जाऊन हाक मारली.

"शामराव! ए शामराव! संध्याकाळच्या बातम्या लागायची वेळ झाली. खुर्ची धरायला ये रे!"